कंपवाताच्या रुग्णाची संपर्कवही कशी लिहावी आणि ती कुठे द्यावी

बाबांना पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, झाल्याचं निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे का?" नव्हता. मग बोलणं गोळ्यांच्या वेळांवर गेलं. बाबांनी बारा वर्षं कारखान्यात काय हाताळलं, हे कुणी विचारलं नाही आणि ते सांगायचं मलाही सुचलं नाही. सुचलं ते सहा वर्षांनी. तोवर त्यांचा आवाज पुटपुटण्यावर आला होता आणि बरोबरचे दोन कामगार हयात नव्हते. म्हणून सांगते, निदान होईल त्याच आठवड्यात संपर्कवही सुरू करा, म्हणजे रुग्णाचा कुठल्या रसायनांशी कधी आणि कुठे संपर्क आला याची वही.

आधी वहीचा उपयोग समजून घ्या. एखाद्या रुग्णाला हा आजार नेमका कशामुळे झाला, हे वही सिद्ध करणार नाही. बहुतेकांच्या बाबतीत त्याला एकच जनुक जबाबदार नसतं. वय, अनुवंश आणि परिसर यांची सरमिसळ असते. पण धोरण ठरतं ते नोंदींवर आणि त्यातल्या तारखांवर. फ्रान्सने २०१२ मध्ये शेतीत काम करणाऱ्यांसाठी पार्किन्सन्स हा व्यावसायिक आजार मानला, तेव्हा अट होती कीटकनाशकांशी १० वर्षांच्या संपर्काची. अमेरिकेतल्या कॅम्प लेजून या लष्करी तळाचं पिण्याचं पाणी १९५३ ते १९८७ या काळात रसायनांनी दूषित होतं. त्या काळात तिथे किमान ३० दिवस सेवा केलेल्या सैनिकाला पार्किन्सन्स झाला, तर २०१७ पासून तो त्या सेवेमुळेच झाला असं गृहीत धरून लाभ मिळतो. दहा वर्षं काय किंवा तीस दिवस काय, दाखवायला कागद लागतो.

लिहायला बसाल तेव्हा रसायनाच्या नावापासून सुरुवात करू नका. मी तीच चूक केली, यंत्राच्या भागांवरचं तेल काढणाऱ्या एका रसायनाचं नाव घेऊन विचारलं. "बाबा, तुम्ही ट्रायक्लोरोइथिलीन वापरायचात का?" त्यांनी मान हलवली, नाही. चार दिवसांनी वेगळं विचारलं, "सुटे भाग कशात धुवायचात?" त्यांनी कंबरेपर्यंत हात नेऊन टाकीची उंची दाखवली. मग सावकाश सांगितलं, गोडसर वास यायचा, भाग बुडवून काढले की तेल सगळं निघून जायचं, शेवटी त्यातच फडकं भिजवून हात पुसायचे. हातमोजे? नाही. त्या रसायनाची वाफ हवेपेक्षा जड असते, आणि बाबा दिवसभर त्या टाकीवर वाकून उभे असायचे. मी ते सगळं त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं. तुम्हीही तसंच घ्या, शुद्ध करायला जाऊ नका.

प्रत्येक नोकरीला एक पान द्या. कधीपासून कधीपर्यंत, हाताने काय केलं, वास कसला, खिडकी होती का, कपडे कुठे धुतले. साल आठवत नसेल तर "ताई जन्मली तेव्हा कुठल्या खात्यात होतात?" असं विचारा. मग राहत्या घरांची पानं करा: पाणी विहिरीचं की नळाचं, फवारणीचं शेत किती अंतरावर. हे अंतर जरूर लिहा. कॅलिफोर्नियात शेतीतल्या प्रत्येक कीटकनाशक वापराची नोंद १९९० पासून सक्तीची आहे. अशाच सरकारी नोंदी आणि घरांचे पत्ते जुळवून २००९ मध्ये संशोधकांनी दाखवलं, की घरापासून ५०० मीटरच्या आत पॅराक्वॅट हे तणनाशक आणि मॅनेब हे बुरशीनाशक या दोन्हींची फवारणी झालेल्यांना पार्किन्सन्सचा धोका ७५ टक्क्यांनी जास्त होता. वेल्डिंग आणि डोक्याला बसलेला जबर मार हेही टिपा.

नावं नंतर शोधा. कीटकनाशकाच्या डब्यावर ब्रँडखाली बारीक अक्षरात सक्रिय घटक छापलेला असतो. कारखान्यातल्या रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक मागा. त्याच्या तिसऱ्या विभागात घटक आणि त्यांचे कॅस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळखक्रमांक, असतात. ट्रायक्लोरोइथिलीनचा ७९-०१-६, पॅराक्वॅट डायक्लोराइडचा १९१०-४२-५. ब्रँड बदलतात, हा क्रमांक बदलत नाही. बाबांच्या जुन्या कारखान्याने मला उत्तर दिलं नाही. शेवटी भांडारात काम केलेल्या एका काकांना पिंपावरचं नाव आठवलं. ते काका भेटले नसते, तर ते पान कोरंच राहिलं असतं.

वहीची एक प्रत न्यूरॉलॉजिस्टना द्या आणि केसपेपरला लावायला सांगा. "वेळ नाही" म्हणाले, तर फक्त नोकऱ्यांचं पान लावून घ्या. वास जाणं, बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणं हे कधी सुरू झालं, तेही त्यात हवं. हाताच्या थरथरीच्या कितीतरी वर्षं आधी ही लक्षणं दिसू शकतात. तो गोडसर वास सांगणाऱ्या बाबांना उदबत्तीचा वास येईनासा झाला होता, निदानाच्या पुष्कळ आधी.

दुसरी प्रत धोरणासाठी. एखाद्या रसायनाबद्दल नियमाचा मसुदा निघाला आणि हरकती-सूचना मागवल्या, की मुदतीत एक पानाचं पत्र पाठवा. "यानेच माझ्या वडिलांना आजार झाला" असं लिहू नका. ते एक वाक्य खोडलं, की सगळं पत्र बाजूला पडतं. रसायन, क्रमांक, वर्षं, संरक्षण काय होतं, एवढं लिहा आणि मागणी एकच ठेवा. बंदी मागायला कचरू नका. स्वित्झर्लंडने पॅराक्वॅट १९८९ मध्ये बंद केलं, युरोपीय संघात ते २००७ पासून बंद आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायक्लोरोइथिलीनवर बंदीचा नियम काढला. बंदी मागणं जमत नसेल, तर रुग्णनोंदणी मागा. कॅलिफोर्नियात जुलै २०१८ पासून डॉक्टरांना पार्किन्सन्सचा प्रत्येक रुग्ण कळवावा लागतो.

पत्रावर रुग्णाची सही घ्या. बाबांची सही आता इतकी बारीक येते, की ती भिंगाखाली धरावी लागते. या आजारात अक्षर असंच आक्रसत जातं. शेजारी त्यांच्या नोकरीतल्या जुन्या पगारपत्रकावरच्या सहीची प्रत मी जोडली होती.