कोड एआय लिहील, पावतीचा हिशेब तुम्ही तपासा

एआयमुळे प्रोग्रामरच्या नोकऱ्या जातील हा धोका खरा आहे आणि तो आधी नवशिक्यांवरच आलाय. फॉर्म बनवणं, टेबलातून यादी काढणं, किरकोळ चूक दुरुस्त करणं ही पहिल्या वर्षाची कामं एआय मिनिटांत करतं. पण नेमकं काय हवंय ते खोदून विचारणं आणि आलेलं उत्तर पडताळणं याला माणूस लागतो. वणी-हिंगणघाटकडच्या पोरांना ते गावातच शिकता येईल.

कापूस खरेदीची पावती काढणारा छोटा प्रोग्राम करायला घ्या. आधी नियम वहीत मराठीत लिहा. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) हमीभाव खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत कपात नाही, पुढे दर टक्क्याला भावात एक टक्का कपात, १२ च्या वर खरेदीच नाही. मग ८.४ ला किती कापायचं? एआय हे बहुधा विचारत नाही, स्वतःच काहीतरी धरून चालतं. खरेदी केंद्रावर जाऊन ग्रेडरला, म्हणजे कापसाची प्रत ठरवणाऱ्याला विचारा. नोकरीतही हेच काम पडतं.

आता कोडच्या आधी टेस्ट, म्हणजे कोड तपासायची उदाहरणं लिहा: ओलावा ८, ८.४, १०, १२, १२.१ आणि रिकामी नोंद. उत्तरं हातानं काढा. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. १० टक्के ओलाव्याला १६२.२० वजा, म्हणजे क्विंटलला ७,९४७.८०. त्यानंतरच एआयला कोड मागा.

बिघडतं ते ठरावीक जागी. रक्कम फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आकड्यांच्या प्रकारात ठेवली की एखाद्या पैशाची चूक शिरते; पायथनमध्ये ०.१ + ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेवा. ‘वऱ्हाड’मधला ऱ युनिकोडमध्ये (संगणकाच्या अक्षर-संकेतांत) दोन तऱ्हांनी लिहिता येतो, त्यामुळे तेच नाव शोधात सापडत नाही, साठवताना आणि शोधतानाही मजकूर एनएफसी या एकाच ठरलेल्या युनिकोड रूपात आणा. एआय कधी अस्तित्वात नसलेल्या लायब्ररीचं (तयार कोडच्या पॅकेजचं) नाव सुचवतं आणि भामटे त्याच नावानं घातक पॅकेज टाकून ठेवतात. इन्स्टॉल करण्याआधी मूळ पान, जुन्या आवृत्त्या आणि कोण सांभाळतं ते बघा.

जी ओळ समजावून सांगता येत नाही, ती कमिट करू नका, म्हणजे प्रकल्पात कायम नोंदवू नका. एरर आला तर लगेच एआयमध्ये चिकटवू नका. पायथनमध्ये शेवटची ओळ आधी वाचा, मग वर सरका, कारणाचा अंदाज लिहा आणि नंतरच विचारा. ही सवय सुटली की मुलाखतीत पहिल्याच उलट प्रश्नाला अडकायला होतं.

गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर टाकताना रीडमीत, म्हणजे माहितीच्या फाइलमध्ये नियम, टेस्ट आणि एआयचा कोड कुठे चुकला, तो कसा पकडला हे लिहा. अर्जासोबत हीच लिंक द्या.