आमदारांचे अपडेट जातात पण लोकांना काही कळत नाही? मग या चुका टाळा

आमदारांच्या ऑफिसातून मेसेज कमी येतात असं कोकणात तरी कुणी म्हणणार नाही. सकाळी सुप्रभात, दुपारी भूमिपूजनाचे बावीस फोटो, संध्याकाळी कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर, आणि एवढं सगळं होऊन वाडीतला माणूस विचारतो, "आमच्या साकवाचं काय झालं?" (साकव म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल.) म्हणजे जे विचारलंय ते सोडून बाकी सगळं पोचलंय. हे काम जी माणसं सांभाळतात म्हणजे पीए, सोशल मीडिया बघणारी पोरं, तालुक्याचे कार्यकर्ते, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमदारांनी स्वतः वाचलं तर उत्तमच.

सगळ्यात मोठी चूक : प्रत्येक टप्प्याला 'मंजूर' म्हणणं

एक साधा साकव घ्या. आधी जिल्हा नियोजन समितीच्या यादीत नाव लागतं, मग प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग टेंडर, मग वर्क ऑर्डर, आणि त्यानंतर कधीतरी जेसीबी येतो, तोही पावसाळा लागला नसेल तर. आता होतं काय की यादीत नाव लागलं की 'मंजूर' म्हणून पोस्ट, मान्यता आली की परत 'मंजूर', टेंडर निघालं की नारळ फोडून परत तेच. लोकांच्या हिशेबाने तीन साकव झाले आणि पऱ्यावरून (ओढ्यावरून) पोरं मात्र अजून पोफळीच्या ओंडक्यावरूनच शाळेत जातायत. मग कुणीतरी ग्रुपवर खवचट कमेंट टाकतो आणि अॅडमिन त्याला काढून टाकतो, की झालं, तो आता चहाच्या टपरीवर तेच दुप्पट जोरात सांगणार.

त्यापेक्षा एवढं लिहा : काम कुठल्या वाडीतलं, किती लाखांचं, पैसे कुठल्या निधीतले, आज कुठल्या टप्प्यावर आहे आणि पुढचा कागद कुणाच्या टेबलावर आहे. अडलं असेल तर अडलंय म्हणा, त्यात कमीपणा काही नाही. उलट कोकणात अडण्याचं कारण सांगितलं तर काम सुटायची शक्यता जास्त, कारण बऱ्याचदा गाडी अडते ती जागेच्या संमतीपत्रावर. सातबाऱ्यावर चाळीस नावं, त्यातली अर्धी विरार-नालासोपाऱ्यात, दोन वारलेली, एकाचं कुणाशीच पटत नाही. हे ऑफिसला माहीत असतं, इंजिनीयरला माहीत असतं, फक्त गावाला कुणी सांगितलेलं नसतं. 'अमुक पाखाडीचं (पायवाटेचं) काम तीन खातेदारांच्या सह्यांसाठी थांबलंय' एवढं गावच्या सभेत आणि गावकऱ्यांच्या मुंबईतल्या मंडळात सांगा (नावं घेऊ नका, गावात बरोबर कळतं), गणपतीला माणसं येतात तेव्हा सह्या होऊन जातात.

आमदार निधीचंही तसंच. वर्षाला ५ कोटी हा आकडा सगळ्यांना पाठ आहे, पण तो पैसा आमदारांच्या खात्यात येत नाही, आमदार कामं सुचवतात आणि मान्यता जिल्हाधिकारी देतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. वर्षाची यादी वाडीनिहाय लावून टाका. आपली वाडी नाही म्हणून चार लोक रुसतील, रुसू देत. लपवलेल्या यादीवरून जे बोललं जातं ते जास्त महागात पडतं.

निर्णय झाला म्हणजे फायदा मिळाला असं नसतं

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. किनाऱ्यावर फार मोठी गोष्ट, अभिनंदनाचे बॅनर लागणारच. पण किनाऱ्यावरच्या माणसाचा प्रश्न साधा असतो, बर्फाच्या कारखान्याचं लाईटबिल कधी कमी होणार, बँकेत काय घेऊन जायचं. मंत्रिमंडळाचा निर्णय, मग जीआर (लेखी शासन निर्णय), मग महावितरण, बँका आपापले आदेश काढणार, हा क्रम मेसेजमध्ये नसेल तर माणूस दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन हात हलवत परत येतो आणि शिव्या तुम्हाला घालतो. विधेयकाचंही तेच, विधानसभेत पास म्हणजे कायदा नव्हे, विधान परिषद आहे, राज्यपालांची सही आहे.

चाळीस सेकंदांची क्लिप

सभागृहात आमदार कडाडून बोलतायत, मागे ढोलाचं म्युझिक, खाली 'कोकणचा आवाज'. ठीक आहे, पण मंत्री काय म्हणाले? तेच कापलेलं असतं! लोकांना निम्मी गोष्ट दाखवून काय उपयोग. आणि कुठल्या मार्गाने विषय मांडला तेही सांगा, कारण फरक पडतो. तारांकित प्रश्नाला (सभागृहात तोंडी उत्तर मागणारा प्रश्न) किंवा लक्षवेधीला (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) मंत्र्याचं उत्तर येतं, औचित्याच्या मुद्द्याला (आमदार थोडक्यात नुसता मांडतात तो विषय) तिथल्या तिथे उत्तर द्यायचं बंधन नसतं. सगळ्यालाच 'विधानसभेत प्रश्न मांडला' म्हटलं की लोक उत्तराची वाट बघत बसतात.

लेखी उत्तरं तर आणखी गमतीची, 'हे अंशतः खरे आहे', 'प्रश्न उद्भवत नाही'. हे जसंच्या तसं फॉरवर्ड करू नका. कुठला अंश खरा ते दोन ओळींत लिहा, खाली मूळ उत्तराचा फोटो जोडा. मंत्र्यांनी 'करू' म्हणून सभागृहात आश्वासन दिलं असेल तर त्याची तारीख वहीत ठेवा, त्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती असते, पुढच्या अधिवेशनाआधी त्याचं काय झालं ते परत कळवा. हिवाळी अधिवेशन नागपुरात, सावंतवाडीचा माणूस तिथे बघायला जाणार नाही, त्यामुळे संपल्यावर आठवडाभरात एक पानी हिशोब यायलाच हवा.

हायवे, रेल्वे आणि 'आमचा विषय नाही'

मुंबई-गोवा हायवे राष्ट्रीय, कोकण रेल्वे केंद्राची, तरी खड्डा पडला की फोन आमदारांनाच. इथे दोन टोकाच्या चुका होतात, एकतर 'लवकरच मार्गी लावू' नाहीतर 'खासदारांना विचारा'. खरं तर हायवेचा पनवेल-इंदापूर टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आणि त्याच्या खालचं बरंच काम राज्याच्या बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे, म्हणजे तक्रार कुठे द्यायची ते गावागणिक बदलतं. आपल्या हद्दीत नक्की कोण ते एकदा शोधून ग्रुपवर पिन करून ठेवा. ट्रेनच्या थांब्यासाठी पत्र दिलं असेल तर कुणाला दिलं, कधी दिलं आणि उत्तर काय आलं ते सांगा, फक्त मंत्र्यांना निवेदन देतानाचा फोटो नको.

मुदत निघून गेल्यावर सांगणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. ३१ जुलै २०२४ ला केंद्राने पश्चिम घाटाच्या इको सेन्सिटिव्ह (पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील) क्षेत्राचा मसुदा काढला, हरकतींना ६० दिवस. त्यात शेतीची कामं आणि त्यातच गणपती. अशा वेळी आमदारांच्या ऑफिसने पहिल्या आठवड्यातच मतदारसंघातल्या गावांची यादी, कशावर बंदी आहे (खाणी, चिरेखाणी, वाळू उपसा, मोठे प्रकल्प) आणि कशावर नाही, हरकत कुठे पाठवायची आणि शेवटची तारीख, एवढं दिलं की काम झालं. नाहीतर 'आता घरावर कौलं पण बदलता येणार नाहीत' असली अफवा पसरते, जेव्हा की राहत्या घराच्या दुरुस्तीला त्या मसुद्यात मनाई नव्हती. बाजूने लिहायचं की हरकत घ्यायची, ते लोक ठरवतील, पण तारीख तरी कळू दे.

वेळ आणि जागा

डोंगराच्या पलीकडच्या वाडीत रेंज नाही, पावसात लाईट दोन-दोन दिवस जाते, आणि तुम्ही १४ एमबीची आडवी स्कॅन केलेली पीडीएफ पाठवता. रेशन दुकान, एसटी स्टँड, जेटी, ग्रामपंचायतीचा फळा इथे मोठ्या अक्षरातला एक कागद लावा, बचत गटाच्या ताईंना वेगळं सांगा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा मच्छीमार किनाऱ्यावर भेटतात, डिझेल परताव्याची, विम्याची बैठक तेव्हाच घ्या. शिमग्याला चाकरमानी गावात असतो म्हणून पालखी घरी यायच्या दिवशी सभा लावू नका, कोणी येणार नाही.

पुराच्या, वादळाच्या मेसेजवर तारीख आणि वेळ पाहिजेच. जुलै २०२१ चे चिपळूणचे व्हिडिओ अजून दर पावसात 'आत्ताचे' म्हणून फिरतात.

लाडकी बहीण असो की नुकसानभरपाई, आधार नंबर आणि बँक खात्यासकट लाभार्थ्यांची यादी ग्रुपवर कधीही टाकू नका. आणि आचारसंहिता लागली की नवीन कामांच्या घोषणा बंद, शेड्युल करून ठेवलेल्या पोस्टसुद्धा आठवणीने काढा.

हे सगळं करूनही ऑफिसात तेच फोन येत असतील तर फोनजवळ एक वही ठेवा, कोण काय विचारतंय ते नुसतं लिहीत जा. एकच प्रश्न चार-पाच गावांतून आला की मेसेज नीट लिहिलेला नव्हता असं समजायचं, त्याच संध्याकाळी वर 'दुरुस्ती' असं लिहून परत पाठवायचा, आणि जुना गुपचूप डिलीट करायचा नाही, त्याचे स्क्रीनशॉट आधीच मुंबईला पोचलेले असतात.