संडासाच्या इतिहासावर लांब अ‍ॅनाग्राम कसा रचावा

अ‍ॅनाग्राम म्हणजे एका वाक्यातली सगळी अक्षरं फिरवून दुसऱ्या अर्थाचं वाक्य करायचं. एकही अक्षर वाढवायचं नाही, एकही गाळायचं नाही.

"काना-मात्रा सुट्या धरा, सोपं जातं," असं सर्रास सांगतात. ऐकू नका. मात्रा सुटी झाली की कशाचंही काहीही होतं आणि रचण्यात दम उरत नाही. 'टा' म्हणजे 'टा'. जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे कापा, एका तुकड्यावर एक अक्षर.

मूळ वाक्यात नावं नकोत. 1596 साली इंग्लंडात जॉन हॅरिंग्टनने फ्लशच्या संडासाची रचना छापून मांडली. गोष्ट झकास, पण 'हॅ' घेऊन जाणार कुठे? 'शौचालय' आणि 'स्वच्छता'ही टाळा, 'शौ' आणि 'च्छ' शेवटपर्यंत हातात राहतात.

मी कोकणातलं उदाहरण घेतलं. गांधीवादी कार्यकर्ते आप्पासाहेब पटवर्धनांनी (1894–1971) कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचं खत करण्याचे प्रयोग केले. खणलेल्या चरात मैला उघडा राहू द्यायचा नाही, वर माती किंवा राख टाकायची, ही त्या काळची शिकवण. त्यावरून वाक्य केलं:

आधी चर वापर, मग वर राख टाक.

पंधरा अक्षरं. 'राख टाक'मध्ये गाडगेबाबांचा 'खराटा' लगेच दिसला. इथेच मी फसले. 'आधी खराटा वापर, मग' इतकं झरझर जमलं आणि हातात उरलं च, र, व, र, क. म्हणजे 'चरक वर'. त्या पाच तुकड्यांवर मी आठवडाभर बसले, तेच पुन्हा पुन्हा फिरवत. उरलेली अक्षरं फिरवून काही होत नाही. चूक उरलेल्यांत नसते, आधी जमलेल्यात असते. मूळ वाक्यातले शब्द जसेच्या तसे उचलले, तर उरतो तो गाळच. म्हणून आधी बारके शब्द फोडा. 'आधी' फोडल्यावर धी आणि र मिळून 'धीर' झाला. 'मग'मधला ग 'आगर'मध्ये (आगर म्हणजे कोकणातली बाग) गेला, म 'चमकव'मध्ये. 'वर'चाही व तिथेच लागला. 'वापर' तेवढा अखंड राहिला होता, त्याचा 'परवा' केला:

धीर, खराटा! परवा आगर चमकव.

चराचं खत शेवटी आगरातच जातं, त्यामुळे अर्थही जागेवर बसला.

पडताळणी करताना प्रत्येक अक्षर खोडत जा. इथे र तीनदा आहे, दोन्हीकडे.

हाक मारताना 'खराट्या' हवं, ते मला अजून खटकतं. 'ट्या' मूळ वाक्यात आणायचा तर 'पाट्या' किंवा 'वाट्या' घ्यावा लागेल आणि 'टाक' जाईल. सध्या त्यावर काम चालू आहे.