अंजन गवताचं कुरण : पेरणीपासून पहिल्या कापणीपर्यंत

हलक्या, मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत अंजन एकदा धरलं की वर्षानुवर्षं ठोंबातून फुटत राहतं. पाणी साचणारी भारी जमीन त्याला मानवत नाही. तिथे मारवेल गवत लावा. आणि ज्या माळावर पवना, डोंगरी ही चांगली गवतं आधीच उभी आहेत, तो माळ अंजनासाठी नांगरू नका. त्याला फक्त चराईबंदी हवी.

सगळं बिघडतं ते बियाण्यात. ताजं बी सुप्तावस्थेत असतं, पेरलं तरी फारसं उगवत नाही. काढणीनंतर सहा महिने ते वर्षभर कोरड्या जागी ठेवलेलंच बी वापरा. फुगीर दिसणाऱ्या बियात पोचटही पुष्कळ निघतं. चिमूटभर तळहातावर चोळा. केसाळ आवरण गळालं की आत टणक दाणा लागला पाहिजे. मोजून शंभर बोंडं (केसाळ आवरणासकट बी) ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, निम्मीही उगवली नाहीत तर बी वाढवा. एरवी एकरी 2 किलो पुरतं. बुंदेल अंजन-1 किंवा काझरी-75 (मारवाड अंजन) हे वाण मिळाले तर उत्तम.

हे बी तिफणीच्या नळीत अडकतं आणि वाऱ्यावर उडतं, म्हणून चार-पाच पट ओलसर मातीत कालवून हातानेच टाका. चांगला पाऊस झाला की 50 ते 75 सेंटिमीटरवर उथळ काकर पाडा आणि बी टाकून त्यावरून बाभळीची फांदी ओढा. बी एक सेंटिमीटरपेक्षा फार खोल गेलं तर कोंब वर येणं अवघड होतं. वखर फिरवून बी झाकणं म्हणजे ते पुरणंच. फेकून पेरू नका. कोवळं अंजन आणि तण सारखंच दिसतं, तीन-चार आठवड्यांनी खुरपताना ओळीवरूनच ते ओळखता येतं.

जुने ठोंब मिळत असतील तर ते जास्त खात्रीचे. पाती छाटून मुळांसकट दोन-तीन फुटव्यांचे तुकडे करा आणि रिमझिम चालू असताना 75 बाय 30 सेंटिमीटरवर लावा. एकरी साधारण 18 हजार तुकडे लागतील.

पहिल्या वर्षी जनावर आत सोडायचं नाही, शेळी तर नाहीच. मुळं धरलेली नसतात, ठोंब उपटून येतो. फुलोरा दिसू लागला की विळ्याने कापा, जमिनीपासून 10 ते 15 सेंटिमीटर खुंट ठेवून. नवे फुटवे त्याच बुडख्यातून येतात. बी पिकेपर्यंत थांबलात तर काड्याच हाती येतात.