राखाडी मोर रंग बदलतो तेव्हा: डोळ्याची परीक्षा घरच्या घरी

मी सोलापूरच्या पूर्व भागात चादरींची डिझाईन काढते. ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन भरायचा आणि त्यावरून जेकार्डची (मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची) कार्डं पंच व्हायची, त्या काळात मी काम शिकले. आता तेच चौकोन कॉम्प्युटरवर भरते. रंग बघणं हाच माझा धंदा, म्हणून तीन वर्षांपूर्वीची गोष्ट मला फार लागली.

एकाच ऑर्डरीत एक लाल जमिनीची (म्हणजे नक्षीमागच्या रंगाची) आणि एक हिरव्या जमिनीची चादर होती, दोन्हींवर राखाडी मोर. व्यापाऱ्यानं दोन्ही शेजारी शेजारी पसरल्या आणि म्हणाला, "सूत दोन लॉटचं आहे. लालवरचा मोर हिरवट मारतोय, हिरव्यावरचा गुलाबी." मालकांनी बघितलं, मी बघितलं. अगदी तसंच दिसत होतं. रंगारीमामा सांगत राहिले, "अहो, एकाच दिवशी एकाच भांड्यात बुडवलेल्या लड्या आहेत." त्यांचं कुणी ऐकलं नाही. त्यांच्या आठवड्याच्या पगारातून पैसे कापले गेले. मला विचारलं तेव्हा मीही म्हणाले होते, "फरक आहे."

खरं तर मला फक्त म्हणता येत होतं, "फरक दिसतोय." रात्री हे लक्षात आलं आणि झोप उडाली.

तर पहिलं काम हेच: वहीत फक्त दिसलं ते लिहा, कारण लिहू नका. मग सुचतील तेवढी कारणं मांडा आणि प्रत्येकापुढे लिहा, हे खरं असेल तर काय केल्यावर काय दिसेल. मी चार लिहिली. लॉट, म्हणजे रंगवायची खेप, वेगळा असेल, तर आजूबाजूचा रंग झाकला तरी फरक राहील. ट्यूबलाइटमुळे होत असेल (काही रंग दिव्याखाली वेगळे आणि दिवसाउजेडी सारखे दिसतात, हे रंगाऱ्यांना ठाऊक असतं), तर बाहेर नेल्यावर फरक जाईल. जमिनीचे धागे मोरात डोकावत असतील, तर लालवरचा मोर लालसर दिसायला हवा. आणि सगळा खेळ शेजारच्या रंगाचा असेल, तर शेजार झाकताच दोन्ही मोर सारखे होतील.

तिसरं कारण जागच्या जागी गळालं. लालवरचा मोर लालसर नव्हताच, हिरवट होता. चादरीला हातही न लावता, नुसत्या दिशेवरून एक शंका मिटली! म्हणून भाकीत लिहिताना "फरक पडेल" एवढ्यावर थांबू नका. कुठल्या बाजूला पडेल तेही लिहा.

सकाळी चादरी गच्चीवर सावलीत नेल्या. फरक तसाच. मग खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्यावर काळा कागद चिकटवला आणि ब्लेडनं रुपयाएवढी दोन भोकं पाडली, अशा अंतरावर की एकातून लालवरचा मोर दिसावा आणि दुसऱ्यातून हिरव्यावरचा. पुठ्ठा ठेवला. दोन गोल, एकच राखाडी. उचलला, पुन्हा हिरवट आणि गुलाबी. ठेवला, उचलला, किती वेळा केलं असेन कोण जाणे. भोकातून फक्त मोर दिसायला हवा. जमिनीची बारीकशी कड जरी आत आली तरी परीक्षा फसते. मालकांनी पुठ्ठा स्वतः ठेवून, उचलून बघितला. रंगारीमामांचे पैसे पुढच्या शनिवारी परत मिळाले.

हा तंटा आपल्याआधी पॅरिसमध्ये झालेला आहे. तिथल्या गोबलँ कारखान्यात भिंतीवर लावायची चित्रं विणली जात. १८२४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजीन शेव्रल तिथल्या रंगखात्याचे प्रमुख झाले. तक्रार होती की निळ्या-जांभळ्यासोबतचं काळं सूत फिकं दिसतं. त्यांनी दुसरीकडचं काळं सूत आणून ताडून बघितलं. रंग चोख होता. त्याला फिकं करत होता तो शेजारचा निळा-जांभळा. त्यावरून त्यांनी १८३९ मध्ये शेजारी रंगांच्या परस्पर परिणामाचा नियम मांडला. डोळा आणि मेंदू प्रत्येक रंग आजूबाजूच्या रंगाशी तोलून ठरवतात. त्यामुळेच ऊन असो की दिवा, टोमॅटो आपल्याला लालच दिसतो. त्याच तोलण्यात लालशेजारचा राखाडी हिरव्याकडे ढकलला जातो.

घरी करायचं तर लाल आणि हिरवा कागद घ्या आणि दोन्हींवर एकाच राखाडी कागदाचे दोन लहान चौकोन ठेवा. फरक कमी दिसला तर वर पातळ बटर पेपर टाका; रंग फिके होतात, पण परिणाम उठून दिसतो.

आता दुसऱ्यांना दाखवा. इथेच बहुतेक जण चुकतात, मीही चुकले. भाच्याला विचारलं, "हा गुलाबी दिसतो ना?" तो लगेच "हो आत्या" म्हणाला. ते उत्तर वहीतून खोडलं. विचारायचं एवढंच: "दोन्ही सारखे की वेगळे? वेगळे असतील तर कसे?" मधूनमधून खरोखर वेगळे राखाडी ठेवा, कधी दोन्ही चौकोन एकाच रंगावर ठेवा. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. प्रत्येकाला एकटं बोलवा, नाहीतर पहिला बोलतो तेच सगळे बोलतात.

भ्रम किती, हेही मोजता येतं. त्यासाठी १८८९ मध्ये जर्मनीच्या फ्रान्झ म्युलर-लायर यांनी मांडलेली बाणांची आकृती सोपी पडते. पुठ्ठ्यावर १० सेंटीमीटरची रेघ, दोन्ही टोकांना बाणासारखी आत वळलेली पाती. दुसऱ्या, सरकत्या पट्टीवर बाहेर फाकलेल्या पात्यांची लांब रेघ. समोरच्यानं पट्टी सरकवून दोन्ही रेघा सारख्या करायच्या आणि तुम्ही मागून फूटपट्टीनं मोजायचं. फाकलेल्या पात्यांची रेघ आहे त्याहून लांब वाटते, म्हणून पट्टी सरकवणारा ती बहुधा १० सेंटीमीटरच्या आधीच थांबवतो. दहादा करा, पाच वेळा पट्टी आत ठेवून सुरू करा आणि पाच वेळा बाहेर, कारण सुरुवात कुठून केली त्यानंही हात फसतो. मग पात्यांचा फक्त कोन बदला, बाकी काही नाही, आणि पुन्हा मोजा. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की आकडे कशाचे ते कळत नाही.

असाच भ्रम चंद्राच्या आकाराचाही होतो. तो बघायला पौर्णिमेला सिद्धेश्वर तलावाच्या काठी जा. उगवता चंद्र परातीएवढा वाटतो, डोक्यावरचा लहान. झूम न बदलता फोनवर एक फोटो काढा, तसाच दुसरा चंद्र डोक्यावर आल्यावर, आणि दोन्हींतला व्यास मोजा. दोन्हींत तो जवळजवळ सारखाच भरतो (आकाशात सुमारे अर्धा अंश).

व्यापाऱ्यालाही मी पुठ्ठा दाखवला. त्याला पटलं, पण पुठ्ठा उचलल्यावर मोर पुन्हा गुलाबीच दिसायला लागला. खरं कळल्यानं भ्रम जात नाही. गिऱ्हाईक काही पुठ्ठा घेऊन दुकानात येणार नाही. म्हणून मी नवा अंदाज लिहिला: मोराभोवती काळी रेघ दिली तर जमीन आणि राखाडी एकमेकांना भिडणार नाहीत, परिणाम उतरेल. आधी कागदावर बिनरेघेचा, एका चौकोनाच्या रेघेचा आणि चार चौकोनांच्या रेघेचा असे तीन मोर करून बघितले. चारच्या रेघेनं फरक कमी झाला, पूर्ण गेला नाही. पुढची ऑर्डर तशीच विणली.