दत्तक घेतलेल्या कॉर्न स्नेकसाठी पेटी कशी उभारावी

ब्रिटनमध्ये आरएसपीसीएसारख्या संस्थेकडून किंवा सरीसृपांसाठीच्या एखाद्या लहानशा आसऱ्यातून साप दत्तक घ्यायचे ठरले, की घरात पहिली चर्चा होते ती त्याच्या रंगाची, नावाची आणि तो चावतो का याची. पेटीचा विचार बहुधा शेवटी होतो आणि खरेदी घाईघाईने एका दुपारी उरकली जाते. माझा आग्रह नेमका उलट्या क्रमाचा आहे. पेटी आधी उभारावी, ती सापाविना पूर्ण सात दिवस चालवावी आणि त्या सात दिवसांत तापमानाचे आकडे स्थिर राहिले तरच साप आणायला निघावे. साप स्वतःच्या शरीरात पुरेशी ऊब निर्माण करत नाही. अन्न पचवणे, रोगाशी झगडणे, कात टाकणे ही सगळी कामे तो बाहेरून घेतलेल्या उष्णतेच्या जोरावर करतो. रानात तो ऊन आणि सावली यांत ये-जा करून हे स्वतः जमवतो, परंतु पेटीत ऊनही आपणच द्यायचे असते आणि सावलीही आपणच.

भारतातील वाचकांसाठी एक गोष्ट येथेच स्पष्ट करतो. धामण, दिवड, मांडूळ, अजगर किंवा आपल्याकडचा अन्य कोणताही रानातला साप पकडून घरी ठेवणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरतो, आणि तसे करण्यात सापाचे कोणतेही भले नाही. घरात साप शिरला तर वनविभागाला किंवा अधिकृत सर्पमित्राला बोलवावे. येथे लिहिले आहे ते ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, आसऱ्यातून कॉर्न स्नेक घेऊ पाहणाऱ्या मराठी घरांसाठी आहे.

कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. तो बिनविषारी आहे आणि भक्ष्याला विळखा घालून मारतो. पूर्ण वाढलेला साप साधारण 90 ते 150 सेंटीमीटर लांब होतो आणि नीट सांभाळला तर 15 ते 20 वर्षे जगतो, म्हणजे आज पहिलीत असलेले मूल पदवीधर होईपर्यंत ही पेटी घरात असणार आहे. त्याला पाळण्यासाठी ब्रिटनमध्ये परवाना लागत नाही. मात्र इंग्लंड आणि वेल्समध्ये 2006 चा प्राणी कल्याण कायदा सापालाही लागू आहे आणि प्राण्याला योग्य निवारा देणे ही त्या कायद्याने पाळणाऱ्यावर टाकलेली जबाबदारी आहे.

आता आकाराविषयी. लहान पेटीत सापाला सुरक्षित वाटते, हे वाक्य आपल्याला अनेक ठिकाणी ऐकायला मिळेल. ते मला पटत नाही. सापाला भीती वाटते ती मोकळ्या, उघड्या जागेची. पेटी मोठी असूनही पानांनी, फांद्यांनी आणि लपणांनी भरलेली असेल तर तो तिच्यात निर्धास्त फिरतो. प्रौढ सापाला अंग पूर्ण ताणून सरळ पडता आले पाहिजे, म्हणून पेटीची लांबी निदान सापाच्या लांबीइतकी असावी. बहुतेक प्रौढ कॉर्न स्नेकसाठी 120 सेंटीमीटर लांब, 60 खोल आणि 60 उंच अशी पेटी ही मी किमान मानतो, आणि साप त्याहून लांब असेल तर पेटीही लांब घ्यावी. उंचीवर काटकसर करू नये, कारण हा साप आवडीने चढतो. एका पेटीत एकच साप ठेवावा. ‘त्याला सोबत हवी’ हा विचार प्रेमळ असला तरी सापाच्या बाबतीत चुकीचा आहे.

ब्रिटनच्या हवेत लाकडी पेटी काचेच्या पेटीपेक्षा सोयीची पडते, कारण रात्री घरातील हीटिंग बंद झाल्यावरही लाकूड ऊब धरून ठेवते. अशा पेट्या बहुधा भुशाच्या दाबलेल्या फळ्यांच्या असतात. त्यांच्या आतल्या सांध्यांवरून मत्स्यपेटीसाठी वापरतात तो सिलिकॉन फिरवावा, नाहीतर सांडलेले पाणी फळीत मुरते आणि ती फुगते. सिलिकॉन पूर्ण वाळून त्याचा वास जाईपर्यंत काही दिवस थांबावे लागते, म्हणूनही पेटी आधी आणणे बरे.

सर्वांत अधिक काळजी उष्णतेची घ्यायची आहे. संपूर्ण पेटी सारखी गरम करणे ही मोठी चूक होय. एक टोक उबदार आणि दुसरे थंड असले पाहिजे, म्हणजे किती ऊब हवी हे साप स्वतः जागा बदलून ठरवू शकतो. उबदार टोकाला, जिथे तो ऊन खात पडेल, तिथे दिवसा 30 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असावे आणि ते 32 च्या वर जाऊ नये. थंड टोकाला 22 ते 24 अंश पुरतात. रात्री दिवा बंद करून पेटी 20 अंशांपर्यंत उतरू दिली तरी निरोगी सापाला चालते, मात्र हिवाळ्यात ज्या खोलीचे तापमान त्याहून खाली जाते तिथे रात्रीसाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर जोडावा लागेल.

ऊब वरून द्यावी की खालून, यावर पाळणाऱ्यांत मतभेद आहेत. मी वरून दिव्याने देण्याच्या बाजूचा आहे, कारण सूर्याची ऊब वरूनच येते आणि जाड थराखाली दबलेली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, आत किती तापली आहे हे वरून कळत नाही. दिवा वापरला तर त्याभोवती तारेची जाळी बसवावीच लागते. साप उबेच्या ओढीने थेट बल्बला विळखा घालतो आणि कातडी भाजली तरी वेळीच दूर होत नाही; अशा भाजलेल्या जखमा भरायला महिने जातात.

उष्णतेचे कोणतेही साधन थर्मोस्टॅटशिवाय कधीही लावू नये. दिव्यासाठी मंद-तेज करणारा डिमिंग थर्मोस्टॅट लागतो. मॅटसाठी मिळणारा साधा थर्मोस्टॅट दिव्याला लावला तर तो दिवसभर उघडझाप करत राहतो. थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारे वायरीचे टोक, उबदार टोकाला, साप जिथे पडेल तिथे, भक्कम बसवावा, पण चिकटपट्टीने नव्हे. पेटीच्या आत चिकटपट्टीचा एकही तुकडा नसावा, कारण तिला साप चिकटला तर सोडवताना खवले उपटून येतात. वायरीला लागणारे प्लॅस्टिकचे चिमटे स्क्रूने लाकडात बसवून प्रोब त्यांत धरून ठेवावा. आमच्या पहिल्या पेटीत मी हे केले नव्हते. रिकाम्या पेटीच्या चाचणीत चौथ्या दिवशी प्रोब सुटून थंड बाजूला घसरला, थर्मोस्टॅटला पेटी गार वाटली आणि त्याने दिवा पूर्ण तेजाने चालू ठेवला. सकाळी उबदार टोकाचा आकडा 41 होता. आत साप असता तर त्याला पळायला जागा थोडीच होती. सात दिवसांच्या चाचणीचा हट्ट मी धरतो तो या अनुभवामुळे.

थर्मोस्टॅटवर दिसणाऱ्या आकड्यावर विसंबून राहू नये. दोन्ही टोकांना एकेक स्वतंत्र डिजिटल तापमापक ठेवावा आणि पृष्ठभागाचे तापमान पाहण्यासाठी हातात धरायचा इन्फ्रारेड तापमापक घ्यावा. चाचणीच्या आठवड्यात सकाळी, दुपारी आणि झोपण्यापूर्वी आकडे वहीत लिहून ठेवावेत. घरातील हीटिंग चालू होण्या-बंद होण्याच्या वेळा आणि पेटीतील चढउतार यांचा मेळ त्या वहीतून लगेच दिसतो.

उजेडासाठी 12 तास दिवस आणि 12 तास रात्र असा क्रम टायमरने बांधावा. कॉर्न स्नेक अतिनील किरणांशिवाय जगत आले आहेत हे खरे, तरी आता सौम्य यूव्हीबी नळी लावण्याचा सल्ला दिला जातो आणि तो मला योग्य वाटतो. दत्तक मिळालेला साप पांढरट-केशरी, लाल डोळ्यांचा असेल, तर त्याच्या अंगात काळे रंगद्रव्य नसते; त्याला प्रखर उजेड सोसत नाही, म्हणून नळी कमी ताकदीची घ्यावी आणि सावली भरपूर ठेवावी.

आर्द्रता 40 ते 60 टक्क्यांच्या दरम्यान राहिली की पुरे. जड, न उलटणारे, साप आत बसू शकेल असे पाण्याचे भांडे थंड टोकाला ठेवावे. उबदार टोकाला ठेवले तर वाफेने पेटी दमट होते. त्यात रोज ताजे पाणी द्यावे, आणि फक्त पाणीच द्यावे. नागपंचमीच्या आठवणीने कोणी आजी प्रेमाने दुधाची वाटी पुढे करील. साप दूध पचवू शकत नाही, हे त्यांना आधीच आदराने सांगून ठेवावे.

लपणे निदान तीन हवीत: एक उबदार टोकाला, एक थंड टोकाला आणि एक ओलसर शेवाळ भरलेले, कात टाकण्याच्या दिवसांसाठी. उबदार टोकाला लपण नसेल तर साप ऊब आणि सुरक्षितता यांपैकी एकच निवडू शकतो, आणि तो सहसा सुरक्षितता निवडून गारठ्यात बसून राहतो, मग खाल्लेले पचत नाही. लपण घट्ट असावे, वेटोळे घालून बसल्यावर त्याच्या पाठीला छत टेकले पाहिजे. बाकी सजावट घरच्या आवडीने करावी. एकदोन जाड फांद्या मात्र हव्यातच, आणि त्या सापाच्या वजनाने हलणार नाहीत अशा स्क्रूने घट्ट बसवाव्यात.

खालच्या थरासाठी अ‍ॅस्पेन लाकडाचा भुसा चांगला. त्यात साप बोगदे करतो आणि ते टिकतात, म्हणून थर 7-8 सेंटीमीटर तरी द्यावा. भुसा ओला झाला की बुरशी धरतो, तेव्हा ओला भाग लगेच काढावा. नारळाच्या सालीचे बारीक तुकडेही चालतात. देवदार किंवा पाइनचा भुसा मुळीच वापरू नये, त्यातील वासाची तेले सापाच्या फुप्फुसांना घातक असतात.

हे सारे झाले तरी आसऱ्यातून आलेल्या सापासाठी पहिला महिनाभर भुसा घालू नये, असे मी सांगेन. उष्णता, लपणे, पाणी सारे ठरल्याप्रमाणे ठेवावे, परंतु तळाशी पांढरा किचन पेपर अंथरावा. नव्या सापाच्या अंगावर माइट, म्हणजे टाचणीच्या टोकाएवढ्या काळ्या, गोचिडीसारख्या किडी असू शकतात. पांढऱ्या कागदावर त्या दिसतात, भुशात दिसत नाहीत. विष्ठाही स्वच्छ सापडते आणि ती सरीसृपांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जंतांच्या तपासणीसाठी नेता येते. घरात दुसरा साप असेल तर हा महिना नव्या सापाची पेटी वेगळ्या खोलीत ठेवावी आणि त्याचे काम नेहमी शेवटी करावे.

कुलपाचा प्रश्न अनेकजण हलक्यात घेतात. साप सतत फट शोधतो. जिथे डोके शिरते तिथून बहुतेक वेळा सारे अंग निघते. सरकत्या काचांना चावीचे कुलूप लावावे, दोन काचांमधील फटीत प्लॅस्टिकची पट्टी बसवावी आणि वायरींसाठी पाडलेली भोके जाळीने बंद करावीत. पेटीतील दिवे बंद करून आत विजेरी पेटती ठेवावी आणि बाहेर खोलीत दिवे मालवून पाहावे: जिथून उजेडाची रेघ येते तिथून सापही येईल. परदेशी साप बाहेर सुटणे ही येथे केवळ घरची अडचण नाही. वेल्समधील कोल्विन बे येथे प्राणिसंग्रहालयातून निसटलेल्या एस्क्युलेपियन सापांची वस्ती आजही टिकून आहे.

पेटी खिडकीसमोर ठेवू नये, कारण काचेतून आलेले थेट ऊन कोणताही थर्मोस्टॅट आवरू शकत नाही. टीव्हीच्या आणि वॉशिंग मशीनच्या हादऱ्यांपासूनही ती दूर असावी. जमिनीलगत ठेवण्यापेक्षा ती कमरेइतक्या उंचीवर असावी. वरून अंगावर येणाऱ्या हालचालीला साप शिकारी पक्षी समजून दचकतो.

साप घरी आला की पहिले सात दिवस त्याला हात लावू नये. पाणी बदलावे, आकडे पाहावेत आणि पेटी बंद करावी. सातव्या-आठव्या दिवशी गोठवलेला उंदीर फ्रीजमध्ये वितळवून, मग पिशवीत घालून कोमट पाण्यात ऊबदार करून चिमट्याने द्यावा. मायक्रोवेव्ह वापरू नये आणि जिवंत उंदीर तर कधीच देऊ नये, तो सापाला चावून जबर जखमी करू शकतो. उंदराची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाइतकी किंवा किंचित अधिक असावी. प्रौढ सापाला 10 ते 14 दिवसांनी एक उंदीर पुरतो. खाल्ल्यावर 48 तास त्याला उचलू नये. नव्या जागी पहिला उंदीर नाकारला तर घाबरू नये, तो टाकून द्यावा आणि आठवड्याने पुन्हा द्यावा. पेटीला किंवा सापाला स्पर्श केल्यावर घरातील प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत, कारण सरीसृपांच्या विष्ठेतून साल्मोनेला पसरतो. पाण्याचे भांडे स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये घासू नये.

काही आठवड्यांनी त्याचे डोळे दुधाळ, निळसर दिसू लागतील आणि तो लपणात बसून राहील. त्या दिवसांत खाणे देऊ नये, ओल्या लपणातील शेवाळ दमट ठेवावे आणि वाट पाहावी. कात पडली की ती पाण्यात भिजवून उलगडावी आणि डोक्याकडचे टोक उजेडात धरून पाहावे: दोन्ही डोळ्यांवरचे गोल पारदर्शक पापुद्रे कातीत आलेले असले पाहिजेत. ते नसतील आणि डोळा सुरकुतलेला दिसत असेल तर स्वतः काढायला जाऊ नये. ओले लपण अधिक दमट करून पुढच्या कातीपर्यंत थांबावे, आणि तेव्हाही पापुद्रा सुटला नाही तर पशुवैद्याकडे न्यावे.