फॉर्म भरत होतो, पण भलत्याच पोस्टचे: माझा अनुभव

माझ्या डाव्या पायाला लहानपणीच पोलिओ झाला, अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवर 50 टक्के. नागपुरात बर्डीच्या एका लायब्ररीत बसून दोन वर्षं सरकारी नोकरीचा दिसेल तो फॉर्म भरला, आणि एकदा तर कागद तपासणीपर्यंत जाऊन परत आलो, कारण सर्टिफिकेट जुनं, हाताने लिहिलेलं, त्यात वडिलांचं नाव गायब अन् दहावीच्या मार्कशीटवर पूर्ण नाव. साहेब म्हणे हे तुम्हीच कशावरून? आता काठी दाखवू का, असं तोंडावर आलं होतं बे!

मग आधी स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे अपंगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज केला, नाव आधार, मार्कशीट सगळीकडे सारखं करून. मेडिकल बोर्डाला चकरा झाल्याच, ते सोडा.

खरी चूक वेगळीच होती. 2016 च्या कायद्याने सरकारी नोकरीत अपंगांना 4 टक्के आरक्षण आहे म्हणून मी खुश, पण प्रत्येक पोस्ट प्रत्येकासाठी नसते. जाहिरातीत मागे एक तक्ता असतो, त्यात ओएल म्हणजे एक पाय, बीएल दोन्ही पाय, ओए एक हात. आपला कोड त्या पोस्टसमोर नसेल तर त्या कोट्याचा फायदा नाही. मी ते पानच कधी उघडलं नव्हतं. आता पीडीएफ आली की आधी ओएल शोधतो, पगार नंतर. एसएससीत, म्हणजे केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या भरतीत, अपंगांना फी माफ अन् वयात 10 वर्षं सूट, हेही तिथेच कळलं. मागच्या महिन्यात कागद तपासणीला गेलो, पाच मिनिटांत बाहेर, मग तर्री पोहे.